बंडाच्या गाण्याचे चित्रण कोणी करावे?

हल्ली नववी-दहावीतील मुलाच्या घरीही असा एखादा मोबाइल असतो की, त्याने चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वेळी टिपता येतात. ह्या सोयीचा उपयोग बहुधा वाढदिवस, सहली व थट्टामस्करी ह्यांपुरताच होतो, आणि त्यात वावगे असे काही नाही. परंतु आमच्या काही विद्यार्थ्यांनी जिल्ह्यातील शाहीर, जलसाकार व ढोलकीवाले ह्यांच्यावर एक लहानसा माहितीपट करावा, असा मनोदय बोलून दाखविला, तेव्हा मात्र वडीलधाऱ्या मंडळींत शंका निघाल्या. ही गाणी शिष्टसंमत नव्हेत, त्यांत राजकारण फार, शाळेने त्यांच्या वाटेस जाऊ नये, असे कोणी म्हणाले. पैसा नाही, यंत्रसामग्री नाही, पाठीशी संस्था नाही, मग ही उठाठेव कशाला, असे दुसऱ्या कोणी विचारले. आमचे मत ह्या दोन्हींहून निराळे आहे. असले काम पैशावाचून अडत नाही. ते अडते वेळावाचून आणि विश्वासावाचून. हे आम्ही कशावरून म्हणतो ते सांगण्यासाठी वाचकांस थोडे दूरवर न्यावे लागेल; परंतु तेथून आम्ही नगरास परत येऊ, अशी खात्री असावी.

ज्या गाण्यांना प्रतिष्ठित समाजाने आधी नाके मुरडली, आणि पुढे ज्यांचा इतिहास मिळविण्यासाठी तोच समाज जुन्या पेट्या उपसू लागला, अशा गाण्यांत पंक रॉक हा पाश्चात्य प्रकार ठळक आहे. १९७४ साली न्यूयॉर्क शहरात ‘रमोन्स’ नावाची चौघा तरुणांची मंडळी उभी राहिली. पुढे १९७६ पासून लंडनमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’, ‘क्लॅश’ इत्यादी मंडळींनी तोच धागा आपल्या परीने ओढला. इंग्लंडात तेव्हा बेकारी वाढत होती आणि शाळा सोडलेल्या पुष्कळ मुलांस पुढे काय करावे हे दिसत नव्हते. गिटारीवरील तीनचार स्वरमेळ, भरधाव लय, दोनअडीच मिनिटांत संपणारे गाणे आणि मनातील गोष्ट आडपडदा न ठेवता ओरडून सांगणे, एवढ्यावर त्यांचा संसार चाले. वाद्यावर प्रभुत्व येईपर्यंत व्यासपीठावर पाऊल ठेवू नये, हा दंडक त्यांनी साफ झुगारून दिला. त्यांच्या गाण्यांतील शब्द पुष्कळदा ग्राम्य असत, आणि त्यांची भलामण करण्याची आमची इच्छा नाही. पण ज्यांचे म्हणणे कोणी ऐकून घेत नव्हते त्यांनी ते म्हणण्याचे साधन स्वतःच्या हाताने घडविले, ही गोष्ट मात्र नाकारता येत नाही.

ह्या मंडळींची पहिली चित्रणे कोणी केली हे पाहण्यासारखे आहे. लंडनच्या रॉक्सी नावाच्या क्लबात डॉन लेट्स हा जमेकन आईबापांचा तरुण तबकड्या वाजविण्याचे काम करीत असे. त्याच्या हाती सुपर-८ जातीचा एक घरगुती कॅमेरा आला आणि १९७७ साली तो समोर जे घडेल ते टिपू लागला. त्या कॅमेऱ्याच्या एका डबीत पन्नास फूट फीत मावते, व ती अडीच-तीन मिनिटांत संपून जाते. म्हणजे एक गाणे झाले की डबी रिकामी! अशा तुकड्यांतून १९७८ साली ‘द पंक रॉक मूव्ही’ हा चित्रपट तयार झाला. लॉस एंजेलिस येथे पेनेलोपी स्फीरिस ह्या बाईंनी १९७९ व १९८० ह्या वर्षांत तेथील गायकवादकांचे चित्रण केले आणि ‘द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन’ हा त्यांचा माहितीपट १९८१ साली लोकांपुढे आला. त्यात ज्याचे चित्रण आहे तो ‘जर्म्स’ मंडळीतील डार्बी क्रॅश हा गायक १९८० च्या डिसेंबरातच, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, वारला होता. चित्रण दोन वर्षे लांबणीवर पडते, तर काय हाती लागले असते?

वॉशिंग्टनची कथा तर शाळेच्या मासिकात यावी अशीच आहे. तेथे नुकतेच हायस्कूल सोडलेल्या मुलांनी आपल्या मंडळीची गाणी स्वतःच छापून काढण्यासाठी १९८० साली ‘डिस्कॉर्ड’ नावाची ध्वनिमुद्रण संस्था काढली, आणि ती पुढे कित्येक वर्षे चालविली. त्याच शहरात स्कॉट क्रॉफर्ड हा मुलगा शाळकरी वयात ह्या गाणाऱ्यांविषयी घरच्या घरी एक पत्रक काढीत असे. पुढे मोठेपणी, २०१४ साली, त्यानेच ‘सॅलड डेज’ हा माहितीपट पुरा केला. त्यासाठी लागणाऱ्या पैशाचा काही भाग लोकांच्या लहानलहान वर्गणीतून उभा राहिला. तीस वर्षांपूर्वीची माणसे त्याच्याशी मोकळेपणाने बोलली ह्याचे कारण उघड आहे. तो त्यांस परका नव्हता. पत्रक हातात घेऊन दाराशी उभा राहणारा तो मुलगा त्यांनी पूर्वी पाहिला होता.

आता आपल्या देशाकडे वळू. पंक रॉक हा प्रकार मुंबईत आला तो उशिरा, आणि इंग्रजीत गाणाऱ्या थोड्या तरुणांपुरताच राहिला. त्याचा इतिहास कोणी लिहू म्हणेल तर अवश्य लिहावा. पण त्या शहराच्या पोटातून निघालेले, थोड्या वाद्यांवर उभे राहिलेले आणि अधिकाऱ्यांच्या कपाळास आठ्या पाडणारे गाणे कोणते, असा प्रश्न कोणी केला तर आम्ही बोट दाखवू ते शाहिरांकडे. डफ, तुणतुणे, ढोलकी आणि मागे झील धरणारे दोघेचौघे, एवढीच तेथेही सामग्री. १९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक उभारले, आणि गिरणगावाच्या मैदानांतून हजारो कामगार त्यांस ऐकू लागले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने त्यांच्या तमाशांवर बंदी घातली, तेव्हा अण्णा भाऊंनी त्याच प्रयोगांस लोकनाट्य असे नाव देऊन ते चालू ठेवले. दुसरीकडे आंबेडकरी जलशांची परंपरा होती. आमच्या संगमनेर तालुक्याला लागून असलेल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडी येथे, १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक हे त्या परंपरेचे थोर कवी. ते २००४ साली निवर्तले, परंतु त्यांची गाणी आजही जयंतीच्या मांडवात म्हटली जातात.

अण्णा भाऊ व अमर शेख हे दोघेही १९६९ साली गेले. त्या काळी सोळा मिलिमीटरची चारशे फूट फीत साधारण अकरा मिनिटे चाले. ती विकत घ्यावयाची, धुवून आणावयाची, मग तिची प्रत काढावयाची. एवढा खर्च करून बंदी आलेल्या पथकामागे चाळीचाळींतून हिंडणारा कोण निघणार? पोवाडा कागदावर उतरतो. गळा उतरत नाही, आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे तर मुळीच उतरत नाहीत.

ह्या पार्श्वभूमीवर आनंद पटवर्धन ह्यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पाहिला म्हणजे त्याचे मोल ध्यानात येते. पटवर्धनांचे घराणे मूळचे आमच्याच नगरचे. १९४२ च्या आंदोलनात भूमिगत राहून काम करणारे अच्युतराव पटवर्धन व त्यांचे ज्येष्ठ बंधू रावसाहेब हे त्यांचे काका होत. मुंबईतील झोपडपट्ट्या पाडल्या जात असता आनंद पटवर्धन ह्यांनी ‘हमारा शहर’ नावाचा माहितीपट केला, तो १९८५ साली पुरा झाला. त्यात विलास घोगरे हा वस्तीत राहणारा कवी-गायक आपले गाणे म्हणताना दिसतो. घोगरे हा डाव्या विचारांच्या आव्हान नाट्य मंचात गाणारा. परंतु पुढे त्या मंचाने त्यास दूर केले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झालेली सकाळी लोकांच्या दृष्टीस पडली, लोक रस्त्यावर आले, आणि राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे ठार झाली. त्यानंतर चार दिवसांनी घोगरे ह्याने आपल्या हाताने जीवनयात्रा संपविली. आयुष्यभर लाल निशाणाखाली गाणाऱ्या ह्या माणसाने त्या वेळी कपाळास निळी पट्टी बांधली होती.

पूर्वी ज्यास आपण कॅमेऱ्यासमोर उभे केले तो माणूस असा का गेला, हा प्रश्न पटवर्धनांच्या मनात राहिला आणि त्यांनी कॅमेरा पुन्हा उचलला. तो खाली ठेवण्यास २०११ साल उजाडले. चौदा वर्षे! ज्या मुलाने त्या वर्षी पहिल्या इयत्तेत नाव घातले असेल तो एवढ्या अवधीत पदवीच्या वर्गात जाऊन बसेल. एवढा काळ एका विषयामागे राहण्याची मुभा कोणती कंपनी, कोणते सरकारी खाते, कोणती दूरचित्रवाणी देईल? स्वतंत्र माहितीपट ह्या शब्दातील ‘स्वतंत्र’ म्हणजे नेमके काय, ह्याचे उत्तर आमच्या मते येथे आहे. आपल्या कामाचा दिवस कधी संपवावयाचा हे दुसऱ्या कोणी ठरवावयाचे नाही. पटवर्धन पुष्कळसे चित्रण स्वतः करतात व जुळणीही स्वतःच करतात, त्यामुळे वेतनाचा बोजा कमी. आणि मधल्या काळात फितीची जागा लहान व्हिडिओ कॅमेऱ्यांनी घेतल्यामुळे अकरा मिनिटांच्या रिळाऐवजी तासभर चालणारी स्वस्त कॅसेट हाती आली. कोण्या बाईने गाणे आरंभिले आणि ती मध्येच थांबली, मग दहा मिनिटे आपल्या मुलाची हकीकत सांगत बसली, तरी कॅमेरा बंद करावयाचे कारण उरले नाही.

ह्या धीराचे फळ दोन ठिकाणी विशेष दिसते. गोळीबाराचे समर्थन करताना, जमाव गॅसने भरलेला टँकर पेटवून देणार होता, असे पोलिसांकडून सांगण्यात आले. माहितीपटात त्या वेळची चित्रफीत, टँकरचे ठिकाण, गोळ्या जेथे लागल्या ती घरे व रहिवाशांच्या साक्षी शेजारीशेजारी मांडल्या आहेत, आणि प्रेक्षकास स्वतःच अंतर मोजावयास लावले आहे. न्यायमूर्ती गुंडेवार ह्यांच्या चौकशी आयोगानेही गोळीबार असमर्थनीय ठरविला, आणि २००९ साली संबंधित अधिकाऱ्यास सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. निकाल बारा वर्षांनी लागला. पहिल्या आठवड्यात गर्दी केलेली वृत्तपत्रे एव्हाना दुसरीकडे वळली होती.

दुसरे ठिकाण गाण्यांचे. गोळीबाराची कथा सांगण्यासाठी निघालेला हा माहितीपट पाहता पाहता शाहिरीचा कोश होऊन बसतो. संभाजी भगत ह्यांच्यासारखा नाणावलेला शाहीर त्यात आहे, तसेच मंडपात हौसेने उभे राहून गाणारे बिननावाचे गळेही आहेत. कोणाचे गाणे रचनेने बेताचे, कोणाचा सूर चढा, कोणी मध्येच ओळ विसरतो. पटवर्धनांनी त्यांची निवड परीक्षकाच्या थाटाने केलेली नाही, आणि हे आम्हांस अतिशय योग्य वाटते. उत्तम तेवढेच ठेवावयाचे म्हटले की वस्ती नाहीशी होते आणि मैफल उरते. शेवटच्या भागात पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण मुलेमुली येतात. २००२ साली स्थापन झालेल्या ह्या मंचातील शीतल साठे हिचा खणखणीत आवाज ज्याने एकदा ऐकला तो विसरणार नाही.

परंतु येथेच चित्रण करणाऱ्याची खरी कसोटी लागते, आणि ज्या विद्यार्थ्यांस हे काम सोपे वाटते त्यांनी पुढील मजकूर सावकाश वाचावा. २०११ साली नक्षलवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून कबीर कला मंचाच्या काही जणांवर खटले भरण्यात आले. काही पकडले गेले, काही भूमिगत झाले. आरोप त्यांनी नाकारला. २ एप्रिल १९४२ नव्हे, २०१३ चा तो दिवस; शीतल साठे व सचिन माळी विधान भवनासमोर येऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्याच वर्षी शीतल हिला उच्च न्यायालयाने जामीन दिला, इतर काहींस तो सर्वोच्च न्यायालयाकडून २०१७ साली मिळाला. त्यांच्या बचावासाठी जी समिती उभी राहिली तीत पटवर्धन होते. ह्या तरुणांच्या मतांशी वाचकांनी सहमत व्हावे असे आम्ही म्हणत नाही; आमच्यातही त्याविषयी एकमत नाही. आमचा मुद्दा इतकाच की, ज्याचा चेहरा आपण पडद्यावर आणतो त्याच्या पुढील आयुष्याशी आपला संबंध तुटत नाही. चित्र पुरे झाले, टाळ्या पडल्या, आता आम्ही आमच्या घरी, असे म्हणणाऱ्याने दुसऱ्याच्या दारी कॅमेरा घेऊन जाऊच नये.

माहितीपट तयार झाला तेव्हा तो जवळपास तीन तास वीस मिनिटांचा होता. इतके लांब कोण पाहील, अशी शंका जाणत्यांस आली असल्यास नवल नाही. जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बी. आय. टी. चाळीत, उघड्यावर पडदा लावून, तो दाखविण्यात आला, आणि नंतर मुंबईच्या वस्त्यावस्त्यांतून त्याचे खेळ झाले. ज्यांचे गाणे त्यांस आधी, महोत्सवांस नंतर, हा क्रम आम्हांस केवळ सौजन्याचा वाटत नाही. चुकीचे नाव, चुकीचा संदर्भ, गाळलेले कडवे हे चाळीतील म्हातारी ज्या तत्परतेने दाखवील त्या तत्परतेने परदेशी परीक्षक कोठून दाखविणार? राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ह्या कृतीस परीक्षक मंडळाचे विशेष पारितोषिकही मिळाले. मात्र पारितोषिक मिळाले म्हणजे वाट मोकळी झाली असे होत नाही. पटवर्धनांच्याच दुसऱ्या एका पारितोषिकप्राप्त माहितीपटासाठी दूरदर्शनविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तो दाखविण्याचा आदेश २००६ साली मिळाला.

आता एक आक्षेप असा आहे की ज्यास आम्ही हलके लेखीत नाही. कोणी विचारील, पटवर्धन ज्या घरात जन्मले ते घर दलितांचे नव्हे. मग ह्या गाण्याची कथा त्यांनी का सांगावी? लंडनमध्ये डॉन लेट्स त्याच क्लबात नोकरी करीत होता, वॉशिंग्टनचा क्रॉफर्ड लहानपणापासून त्याच मुलांत वावरला होता, येथे तसे नाही. आमचे उत्तर असे की, बाहेरच्या माणसाने प्रवेशाचे मूल्य वेळाच्या रूपाने भरले पाहिजे, आणि ते पटवर्धनांनी पुरेपूर भरले. तरीही आक्षेप पुरता मिटत नाही, आणि मिटूही नये. बाहेरून आलेला मनुष्य कितीही प्रामाणिक असला तरी त्यास काही प्रश्न सुचणारच नाहीत, आणि काही उत्तरे त्यास दिलीच जाणार नाहीत. त्याच्या कृतीने घरच्या मुलाची जागा भरून निघत नाही. आणि घरची मुले म्हणजे, वाचकहो, ह्या बाबतीत आमच्याच जिल्ह्यातील मुले होत.

हे म्हणण्यास आधार आहे. मुंबईच्या चाळी व वस्त्या ज्यांनी भरल्या त्यांत पूर्वीच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून पोटासाठी गेलेली असंख्य कुटुंबे होती. १९७२ च्या दुष्काळात तर हा ओघ आणखी वाढला. अकोले तालुक्यातील धामणगावी १९३५ साली जन्मलेले दया पवार ह्यांनी ‘बलुतं’ ह्या १९७८ च्या आत्मकथनात गावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना हे एकाच जीवनाचे दोन काठ म्हणून दाखविले आहेत. गाणी ह्या दोन काठांमध्ये सारखी ये-जा करीत. मुंबईत ऐकलेले गाणे गावी यावे, गावच्या चालीत बसावे, आणि पुन्हा शहरात जावे, असा हा व्यवहार होता. मुंबईकडचा काठ बराचसा टिपला गेला आहे. गावाकडचा काठ टिपावयाचा आहे.

साधन नाही ही तक्रार तर नगरने करूच नये. नागराज मंजुळे हे जेऊरचे. परंतु चित्रभाषा ते शिकले ते आमच्या शहरातील न्यू आर्ट्स महाविद्यालयात, आणि तेथील अभ्यासक्रमात असतानाच त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, ज्यास पुढे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. आमच्याच जिल्ह्यातील भाऊराव कऱ्हाडे ह्यांनी घरची जमीन विकून धनगरांच्या जीवनावरील ‘ख्वाडा’ उभा केला. २०१५ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यास विशेष पारितोषिक मिळालेच, पण प्रत्यक्ष स्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाचाही गौरव झाला. ही दुसरी गोष्ट आमच्या होतकरू मंडळींनी लक्षात ठेवावी. मोबाइलने चित्र बरे येते, आवाज मात्र वाऱ्याने व लाऊडस्पीकरच्या कर्कशपणाने नासतो, आणि गायकाच्या चित्रणात आवाज नासला की सारेच नासले. खर्च करावयाचाच झाला तर तो एका बऱ्या मायक्रोफोनवर करावा. तो गायकाच्या छातीजवळ ठेवावा, ढोलकीजवळ नव्हे.

टिपावयाचे काय, हे सांगण्यास मुळीच दूर जावे लागत नाही. पोवाडे व लावण्या रचणारा अनंत फंदी संगमनेरचा. त्याच संगमनेरात आपला फड सांभाळीत कांताबाई सातारकर राहिल्या, आणि २०२१ च्या मे महिन्यात तेथेच वारल्या. तमाशा म्हणजे काय हे त्यांना विचारू शकलेली पिढी आता मागे पडत चालली आहे. जामखेडची कला केंद्रे आहेत. गावोगाव १४ एप्रिलच्या आधीचे आठ दिवस तालमी चालतात. मिशनच्या जुन्या वाड्यांतून अभंगांच्या व कीर्तनांच्या चाली वृद्धांच्या ओठी आहेत. ह्यातील कोणते गाणे बंडाचे आणि कोणते भक्तीचे, ही वर्गवारी चित्रण करणाऱ्याने आधीच करून ठेवू नये. ती पुष्कळदा एकाच गळ्यात असते.

एका बाबतीत मात्र फार काटेकोर असावे. परदेशी माहितीपटांत गाणे वापरावयाचे तर ध्वनिमुद्रण कंपनीची परवानगी व मोबदला असा लेखी व्यवहार असतो. आमच्याकडे गावच्या गायकापाशी कसला कागद नसतो. त्याची मालकी असते ती गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गुंफलेल्या नावात. वामनदादांच्या गाण्यांत ‘वामन’ हे नाव येते, ते ह्याच रीतीने. चित्र लांबले म्हणून जुळणी करणारा नेमके शेवटचे कडवे कापतो, आणि कवी आपल्याच गाण्यातून हद्दपार होतो. आमच्या विद्यार्थ्यांनी निदान एक नियम पाळावा: गाणे घ्यावयाचे तर नावासह पुरे घ्यावे, नाही तर घेऊ नये. गायकाचा दिवस मोडला तर त्याची मजुरी त्यास द्यावी. त्याची संमती घरच्या माणसांसमोर घ्यावी, चित्रण कोठे कोठे दाखविले जाईल ते समजावून सांगावे, आणि पुढे त्याने एखादा भाग काढावयास सांगितले तर वाद न घालता तो काढावा. मूळ चित्रण एकाच मोबाइलवर ठेवू नये. दोन ठिकाणी ठेवावे, आणि एक प्रत गायकाच्या घरी द्यावी.

राहिला शिष्टसंमतीचा प्रश्न. जे गाणे मुलांस ऐकवणे आम्हांस प्रशस्त वाटणार नाही ते शाळेच्या सभागृहात लावू नये, एवढा विवेक कोणताही शिक्षक करू शकतो. पण ऐकवणे निराळे आणि टिपून ठेवणे निराळे. एखाद्या ओळीत सावकारास शिवी असेल. ती शिवी का आली हे समजण्यास आणखी वीस वर्षांनी कोणास तरी ती ओळ लागेल, आणि तोवर म्हणणारा असेलच असे नाही. राजकारणाविषयी म्हणाल तर गाणाऱ्याचे मत हे गाणाऱ्याचे मत; ते पुसून टाकून उरलेली चाल घेणे ही आमच्या दृष्टीने चोरीच होय. विद्यार्थ्यांनी त्याच्याशी वाद घालावा, कॅमेरा चालू ठेवून घालावा, आणि त्याचे उत्तर न कापता ठेवावे.

येत्या दिवाळीच्या सुटीत प्रत्येकाने आपल्या गावचा एकच गायक निवडावा. पहिल्या भेटीस कॅमेरा नेऊ नये.